सहावीचे गणित : आधी संख्येचा अंदाज, मग रीत

पाटीपेन्सिल

मी सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. सहावीच्या वर्गात एक गोष्ट मला दर जूनमध्ये दिसते. पाचवीतून चांगले गुण घेऊन आलेले मूल १/२ + १/३ चे उत्तर २/५ असे लिहिते आणि त्याला त्यात काहीही खटकत नाही. २/५ अर्ध्याहून कमी आहे, म्हणजे अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर मुळापेक्षा कमी झाले, हे त्याच्या लक्षातच येत नाही. छेद समान करण्याची रीत पुन्हा सांगितली की तेच मूल पुढची सगळी उदाहरणे बरोबर सोडवते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा २/५ लिहून आणते. आपण म्हणतो की मूल रीत विसरले. ते खरेच आहे, पण रीत विसरल्यावर आपले उत्तर चुकले आहे हे सांगणारे दुसरे काहीच त्याच्याजवळ नसते, ही मला त्याहून मोठी अडचण वाटते.

पाचवीपर्यंतची बहुतेक संख्या मोजता येण्याजोगी असते. सहावीत मात्र एकाच वर्षात पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, मसावि-लसावि, समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज एवढे सगळे समोर येते. यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणे खरे तर एकाच प्रश्नाभोवती फिरतात : ही संख्या केवढी आहे आणि ती दुसऱ्या संख्येच्या मानाने कोठे बसते? हा प्रश्न आपण वर्गात फार क्वचित विचारतो. ‘सोडवा’ म्हणतो आणि मुले सोडवतात.

म्हणून तासाची सुरुवातीची दहा मिनिटे मी आकडेमोडीसाठी ठेवत नाही. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली असते, तिच्यावर ० आणि १ या खुणा असतात, आणि मुले ३/४, ०.७, ५/८, ०.०९, ६/५ अशी कार्डे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावतात. कार्ड लावणाऱ्याने कारण सांगायचे आणि इतरांनी पटले नाही तर हरकत घ्यायची, एवढाच नियम आहे. ०.७ आणि ०.२५ ही कार्डे एकत्र आली की वर्गात दोन तट पडतात, कारण निम्म्या मुलांना पंचवीस हे सातापेक्षा मोठे असल्याने ०.२५ मोठे वाटते. तो वाद मी लगेच मिटवत नाही. कोणीतरी ०.७ चे ०.७० करून दाखवते, कोणीतरी मीटरपट्टी आणून ७० सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटर दाखवते, आणि उत्तर मुलांकडूनच येते.

अडचण वेळेची आहे. पालकांना वहीत सरावसंच भरलेले हवे असतात आणि अभ्यासक्रमही पूर्ण व्हायला हवा. इतर शिक्षक आणि पालक सहावीचा सराव कसा घेतात, हे सविस्तर वाचायला आवडेल.

रानमोगरा

ताई, माझी मुलगी सहावीत आहे आणि तिची शाळा सेमी-इंग्रजी आहे. तिच्या बाबतीत दशांश अपूर्णांकांचाच घोळ आहे. तिला समजावे म्हणून मी रुपये-पैसे घेतले, पण त्याने गोंधळ वाढला. ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, असे ती ठामपणे सांगते. आमच्या लहानपणी हीच युक्ती उपयोगी पडत असे, मग आता असे का होते?

पाटीपेन्सिल

रानमोगरा, पैशांचे उदाहरण दोन कारणांनी अडते. पहिले असे की आजच्या सहावीतल्या मुलांनी पैसे हाताळलेलेच नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आणि पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालत असले तरी दुकानात कोणी देत-घेत नाही. ज्या मुलाच्या हातात पावली कधी आलीच नाही, त्याला ‘पंचवीस पैसे म्हणजे ०.२५ रुपया’ हे दुसरे एक पाठांतर होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. रुपयांच्या लेखनात दशांशचिन्हानंतर नेहमी दोनच घरे येतात, त्यामुळे चिन्हाच्या उजवीकडे एक वेगळी, लहान नाण्यांची पूर्ण संख्या आहे असे मुलांना वाटू लागते. मग ३.५ चे तीन आणि पाच होतात आणि ०.१२५ समोर आले की काहीच सुचत नाही. त्यापेक्षा शिलाईची टेप किंवा मीटरपट्टी घ्यावी. एका मीटरचे दहा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा म्हणजे मिलिमीटर, अशी तीन घरे डोळ्यांना दिसतात. दारची चौकट, टेबलाची उंची, स्वतःची उंची मीटरमध्ये लिहायला सांगा. १.४ मीटर आणि १.०४ मीटर उंचीची दोन मुले भिंतीवर खुणेने दाखवली की शून्याचे काम काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

जुनी वही

मी निवृत्त शिक्षक आहे आणि कोकणातल्या शाळांत माझी नोकरी झाली. पाटीपेन्सिल यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु पाढ्यांकडे दुर्लक्ष होऊ नये अशी कळकळीची विनंती आहे. सहावीतले लसावि, अपूर्णांकांचे सममूल्य रूप, विभाज्यता, शेकडेवारी हे सारे पाढ्यांवर उभे आहे. ज्याला ७ × ८ साठी बोटे मोजावी लागतात, त्याचे लक्ष त्या छप्पन्नातच गुंतते आणि आपण छेद कशासाठी समान करत होतो हे तो विसरतो. हे मूल मंद नसते, त्याच्या डोक्यावर एकाच वेळी दोन कामे टाकलेली असतात.

आमच्या आधीच्या पिढीला पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा म्हणावी लागे. बाराची पाऊणपट नऊ, सोळाची सवाईपट वीस, चौदाची दीडपट एकवीस, हे किराणा दुकानातला माणूस क्षणात सांगत असे. आजच्या मुलांकडून ही सगळी कोष्टके घोकून घ्यावीत असे मी म्हणत नाही. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे सगळे मराठी मूल घरात ऐकतच असते, आणि वर्गात त्याच्या या भांडवलाला आपण हात लावत नाही. पावणेदोन आणि सव्वा मिळून किती, असे तोंडी विचारले तर सहावीतले पुष्कळ विद्यार्थी ‘तीन’ म्हणतात. त्यांनाच ७/४ + ५/४ फळ्यावर लिहून दिले की १२/८ असे उत्तर येते. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर एकमेकांशेजारी लिहून ‘यातले कोणते खरे?’ असे विचारण्याने माझ्या वर्गात जेवढे काम झाले, तेवढे दहा सरावसंचांनी झाले नाही.

हडसनकाठ

मी अमेरिकेत राहतो, येथील मराठी शाळेत शनिवारी मुलांना शिकवतो आणि माझा मुलगाही सहावीत आहे. पाटीपेन्सिल यांनी १/२ + १/३ चे जे सांगितले, त्याची एक प्रसिद्ध नोंद येथील आहे. १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचे अंदाजे उत्तर विचारले होते आणि १, २, १९, २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, म्हणून उत्तर २ येणार, याला आकडेमोड लागत नाही. ते उत्तर निवडणारी मुले फक्त २४ टक्के होती आणि निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे त्यांनी अंशांची किंवा छेदांची बेरीज केली. ही अडचण एका राज्याची किंवा एका माध्यमाची नाही.

आणखी एक बाब नोंदवतो. येथील बहुतेक राज्यांचा अभ्यासक्रम ज्या २०१० च्या मानकांवर बेतलेला आहे, त्यांत सहावीला ऋण संख्यांची फक्त ओळख होते : संख्यारेषेवरील स्थान, विरुद्ध संख्या, शून्यापासूनचे अंतर आणि लहान-मोठेपणा. त्यांची बेरीज-वजाबाकी सातवीला ठेवली आहे. महाराष्ट्रात दोन्ही सहावीतच आहेत. कोणते चांगले हा वेगळा प्रश्न आहे, पण −७ हे −२ पेक्षा लहान का, हे पक्के होण्याआधी चिन्हांचे नियम आले तर ते नियम अधांतरी राहतात, एवढे मला येथील वर्गातून दिसले आहे.

सह्यकडा

मी गावात शिकवणी घेतो, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे येणारी बरीच मुले पाचवीला नवोदयची तयारी करून आलेली असतात. वेळेचे बंधन असलेल्या परीक्षेत त्यांना तिरकस गुणाकाराची युक्ती शिकवलेली असते : वरचा डावा गुणिले खालचा उजवा, खालचा डावा गुणिले वरचा उजवा, बेरीज करा, खाली छेदांचा गुणाकार लिहा. उत्तर बरोबर येते आणि वेळही वाचतो. पालक याच कामासाठी शुल्क देतात. अशा मुलांना सुतळीवर कार्डे लावायला सांगितले तर ती आणि त्यांचे पालक म्हणतात की हे खालच्या वर्गाचे आहे. या मुलांना काय द्यावे?

पाटीपेन्सिल

सह्यकडा, युक्ती काढून घेण्याची गरज नाही, तिच्या आधी एक ओळ जोडावी. माझ्या वर्गात वहीच्या प्रत्येक उदाहरणात ‘अंदाज’ अशी पहिली ओळ असते आणि तिलाही गुण असतात. ५/६ + ३/७ लिहिले की ‘एकापेक्षा जास्त, दीडपेक्षा कमी’ असे आधी लिहायचे, मग हवी ती रीत वापरायची. तुमच्या हुशार मुलांना तीन अपूर्णांकांची बेरीज किंवा वजाबाकीनंतर बेरीज द्या, तेथे ती तिरकस युक्ती अवजड होते आणि समान छेदाचा अर्थ त्यांना स्वतःहून शोधावासा वाटतो.

भागाकाराला तर अंदाजाखेरीज गत्यंतर नाही. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हे वाक्य सहावीतले प्रत्येक मूल म्हणून दाखवते, पण कोणता उलटा करायचा याबद्दल महिन्याभराने गोंधळते. त्याऐवजी आधी विचारावे की तीन लीटर दुधाच्या पावलीटरच्या पिशव्या किती होतील. बारा हे उत्तर कोणालाही येते, आणि तेच ३ ÷ १/४ आहे. मग ३/४ ÷ १/८ : पाऊण भागात अष्टमांश कितीदा बसतो? सहादा. त्यानंतर ३/४ ÷ २/३ घ्यावे. २/३ हे ३/४ पेक्षा किंचित लहान, म्हणून ते एकदा बसून थोडे उरेल, उत्तर एकाहून जरा जास्त येईल. आता रीतीने सोडवले की ९/८ येते आणि ते पटते. ज्याने चुकीचा अपूर्णांक उलटा केला, त्याला ८/९ मिळते आणि अंदाजाची ओळ त्याला स्वतःच थांबवते. शिक्षकाने तांबड्या पेनाने थांबवण्यापेक्षा हे फार चांगले आहे.

रानमोगरा

माझ्या मुलीची शिक्षिका एका प्रकाराची वीस उदाहरणे घरी देते. तिसऱ्या-चौथ्या उदाहरणानंतर मुलगी विचार न करता लिहीत जाते. चाचणीत तीच उदाहरणे इतर प्रकारांत मिसळून आली की तिला कोणती रीत लावायची ते कळत नाही. मसावि काढायचा की लसावि, हा तिचा नेहमीचा प्रश्न आहे.

हडसनकाठ

वीस सारख्या उदाहरणांत रीत निवडण्याचा सराव होतच नाही, कारण मथळ्यातच रीत दिलेली असते. यावर फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांत झालेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांना एकाच प्रकाराची उदाहरणे सलग दिली आणि काहींना तीच उदाहरणे निरनिराळ्या प्रकारांत मिसळून दिली. महिन्याभराने न सांगता घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के, तर सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले. मिसळलेला सराव करताना मुले अधिक अडखळतात आणि घरी ते पाहून पालकांना काळजी वाटते, हे मात्र आधीच सांगून ठेवावे लागते.

जुनी वही

मसावि-लसाविच्या बाबतीत मी मुलांना पेन्सिल उचलण्याआधी एकच प्रश्न विचारत असे : उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठे असेल की लहान? स्थानकातून एक बस दर १२ मिनिटांनी आणि दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते, दोन्ही आता एकत्र सुटल्या तर पुन्हा केव्हा एकत्र सुटतील? बारा मिनिटांच्या आत तर नाहीच, म्हणून उत्तर मोठे, म्हणून लसावि, म्हणजे ३६ मिनिटे. २४ मीटर आणि ३६ मीटर लांबीच्या दोन दोरांचे काही न उरता सारख्या लांबीचे, जास्तीत जास्त लांब तुकडे करायचे असतील तर तुकडा २४ मीटरपेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून मसावि, म्हणजे १२ मीटर. उदाहरणातले शब्द पाहून रीत ठरवण्याची सवय लागली की ‘जास्तीत जास्त’ हे शब्द दिसताच मुले मोठे उत्तर देणारी रीत धरतात आणि फसतात.

विभाज्यतेसाठी एक सूचना आहे. नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ चा शोध सहावीच्या वर्गासाठी फार उपयोगी आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे तीच संख्या येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठले जाते. हातच्याच्या वजाबाकीचा कंटाळवाणा सराव मुले यात आपण होऊन करतात. शिवाय प्रत्येक वजाबाकीचे उत्तर ९ ने विभाज्य असते, त्यामुळे ९ च्या कसोटीने मुलाला आपली वजाबाकी तपासून पाहता येते : ३०८७ च्या अंकांची बेरीज १८, ८३५२ ची १८. हे असे का होते, असा प्रश्न वर्गातून आला, तर त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवण्यास हरकत नाही. आपल्याच राज्यातल्या एका शाळामास्तराने हे शोधले, हेही मुलांना आवर्जून सांगावे.

सह्यकडा

समीकरणांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझा अनुभव असा की समीकरणांची अडचण चलाची नसते, बरोबरच्या चिन्हाची असते. ८ + ४ = ☐ + ५ असे दिले की चौकटीत बरीच मुले १२ लिहितात आणि काही १७ लिहितात. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी खूण, असा अर्थ त्यांनी पहिलीपासून घेतलेला असतो. म्हणूनच लांबलचक उदाहरणात ती ५ + ३ = ८ × २ = १६ असे बिनदिक्कत लिहितात. मी समीकरणे सुरू करण्याआधी दोन-तीन दिवस केवळ चूक की बरोबर ते विचारतो : १५ = १५, ९ + ६ = ६ + ९, ७ + ८ = १६ − १. शेवटच्या विधानाला ‘हे असे लिहितच नाहीत’ असे म्हणणारी मुले दरवर्षी भेटतात. हे पक्के झाले की ‘संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलते’ हा मंत्र सांगावा लागत नाही, दोन्ही बाजूंतून ४ वजा करू असे मुलेच म्हणतात.

अंदाजाच्या ओळीला गुण देण्याची कल्पना मी या आठवड्यापासून घेतो.

रानमोगरा

सर्वांचे आभार. एक शेवटची शंका विचारते. −३ − (−५) याचे उत्तर २ कसे, हे मला स्वतःला ‘वजा वजा अधिक’ याखेरीज सांगता येत नाही. मुलीला ते पटत नाही आणि तिचे न पटणे मला योग्य वाटते.

पाटीपेन्सिल

घरातली काळी आणि पांढरी बटणे घ्या. पांढरे बटण म्हणजे +१, काळे म्हणजे −१. एक पांढरे आणि एक काळे मिळून शून्य होते, हे आधी मुलीकडून मान्य करून घ्या. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ऋण संख्यांचे नियम लिहिताना धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असेच घेतले होते आणि सारख्या रकमेचे धन व ऋण मिळून शून्य होते, हा त्यांतलाच एक नियम आहे. तो तिला सांगितला तर शून्याची ही जोडी आपण सोयीसाठी रचलेली नाही, हे तिला कळेल.

आता −३ म्हणजे तीन काळी बटणे मांडा. त्यांतून पाच काळी काढायची आहेत, पण आहेत तीनच. तेव्हा शून्याच्या दोन जोड्या आणून ठेवा, म्हणजे दोन काळी आणि दोन पांढरी. शून्य मिळवल्याने किंमत बदलत नाही, हे तिला येथे विचारा, तुम्ही सांगू नका. आता पाच काळी झाली, ती सगळी उचला. दोन पांढरी उरली, म्हणून उत्तर +२. यानंतर तिलाच २ − (−३) आणि −४ − ३ ही दोन उदाहरणे बटणांनी करू द्या. दुसऱ्यात तीन पांढरी काढायची असल्याने तीन जोड्या आणाव्या लागतील आणि सात काळी उरतील. अशी पुष्कळ उदाहरणे केल्यावर, बटणे न मांडता उत्तर सांगता येईल का असे विचारा. ‘ऋण पाच काढणे आणि धन पाच मिळवणे सारखेच आहे’ हे वाक्य ती स्वतः म्हणेपर्यंत नियम वहीत लिहू नका, शाळेत तो आधीच लिहून दिला असला तरी.